स्क्लेरोडर्मात हृदयाला सूज : गोळीबरोबर रक्तदाबही मोजा

शिवणकाम करणाऱ्या एक ताई बऱ्याच वर्षांपासून माझ्या दवाखान्यात येतात. वय बेचाळीस. थंडीच्या दिवसांत धुणे धुताना त्यांची बोटे आधी पांढरीफटक पडत आणि मग निळी. पुढे बोटांची कातडी ताठ झाली, बांगड्या चढेनात, सुई धरवेना. शेजारीपाजारी कुजबुज सुरू झाली, की हा महारोग तर नव्हे? तो महारोग नव्हता, स्क्लेरोडर्मा होता. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि कातडी कडक होत जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो बराच जास्त आढळतो.

पण हा केवळ कातडीचा आजार आहे असे समजणे ही मोठी चूक. अन्ननलिका, फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि हृदय यांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणूनच आज हा विषय घेतला.

एके दिवशी ताई म्हणाल्या, "डॉक्टर, दोन बादल्या पाणी भरलं की धाप लागते, छातीत धडधडतं." मी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त कमी वाटले, लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी त्या मशीनवरच चक्कर येऊन पडल्या. कार्डिओग्राममध्ये ठोके अनियमित दिसले. मी त्यांना लगेच शहरात पाठवले. तिथे रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले निघाले आणि एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूंना सूज दिसली. यालाच मायोकार्डायटिस म्हणतात.

स्क्लेरोडर्माच्या प्रत्येक रुग्णाला असे होत नाही. धाप लागण्याची कारणेही अनेक असतात. कधी फुफ्फुसे आकसतात, कधी फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो, तर कधी हृदयाच्या स्नायूत व्रण राहिलेला असतो. सूज औषधाने उतरू शकते, जुना व्रण उतरत नाही. म्हणून आधी निदान पक्के व्हावे लागते. त्यासाठी कार्डिओग्राम, चोवीस तासांची ठोक्यांची नोंद, इको, रक्त तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय करतात. एकटा कार्डिओग्राम चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये.

आता उपचारांकडे वळू. सूज म्हटली की आपल्याकडे पहिले नाव येते ते स्टिरॉइडचे. हृदयाच्या या सुजेवरही स्टिरॉइड देतात, पण स्क्लेरोडर्मात ते दुधारी शस्त्र आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की प्रेडनिसोलोनसारखे औषध दिवसाला १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा झटका येण्याचा धोका वाढतो. या झटक्यात रक्तदाब एकाएकी चढतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. म्हणून तज्ज्ञ डॉक्टर स्टिरॉइडचा डोस शक्य तितका कमी ठेवतात आणि जोडीला मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारखे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध देतात. जिवावर बेतले असेल तर मोठा डोसही द्यावा लागतो, पण तो रुग्णालयात, देखरेखीखाली. ही औषधे चालू असताना साधा ताप आला तरी डॉक्टरांना दाखवावे. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी गर्भधारणेविषयी आधीच विचारून घ्यावे, कारण ही दोन्ही औषधे गर्भाला घातक आहेत.

ताईंना गोळ्यांनी आराम पडला. धाप कमी झाली, मशीन पुन्हा सुरू झाले. मग सांधे दुखू लागले तेव्हा कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने दुप्पट केल्या. तीन आठवड्यांनी डोके दुखते म्हणून माझ्याकडे आल्या. एरवी ११०/७० असणारा रक्तदाब १६४/१०० होता. या वेळी मी लोहाच्या गोळ्या दिल्या नाहीत. तासाभरात गाडी करून शहरात पाठवले. कॅप्टोप्रिलच्या गटातील औषध वेळेवर सुरू झाले आणि मूत्रपिंडे वाचली. या औषधांची किमया मोठी आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, असा झटका आलेल्यांपैकी ही औषधे मिळालेले शंभरात ७६ रुग्ण वर्षानंतर जिवंत होते. न मिळालेल्यांत फक्त १५.

माझे स्पष्ट मत असे, की या आजाराची औषधे शहरातील तज्ज्ञांनी ठरवावीत, पण राखण गावातच व्हायला हवी. तज्ज्ञांची भेट दोन-तीन महिन्यांतून एकदा होते. रक्तदाब मात्र त्यांच्या तारखेची वाट पाहत नाही. म्हणून स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णाच्या घरी रक्तदाबाचे यंत्र असावे आणि आकडे रोज वहीत लिहावेत. वरचा आकडा नेहमीपेक्षा २० ने वाढलेला दोनदा दिसला, किंवा १५० च्या पुढे गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोकेदुखी, अंधुक दिसणे, लघवी कमी होणे ही लक्षणेही अंगावर काढू नयेत.

माझ्या व्यवसायबंधूंनाही हात जोडून सांगणे आहे. अशा रुग्णाच्या सांधेदुखीवर सहज म्हणून स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आणि रुग्णांनो, स्टिरॉइड मनाने वाढवू नका, तसेच एकदम बंदही करू नका. दोन्हीत धोका आहे.

ताई आजही येतात. आल्यावर आधी पिशवीतून वही काढतात, मग बसतात. मी ती वही वाचल्याशिवाय स्टेथोस्कोप लावत नाही.