फकिराची जात हुडकणारे

शिर्डीचा साईबाबा कोण होता? कुठला, कुणाचा, कुठल्या जातीचा? १९१८च्या दसऱ्याला तो गेला. शंभरावर वर्षं उलटली तरी ही चौकशी थांबत नाही. आमच्या वस्तीत मुडदा पडला तर पोलीस एवढी चौकशी करत नाहीत.

दोस्तहो, मी भक्त नाही. माझ्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. नवस, उदी, चमत्कार, सोन्याचं सिंहासन यांच्याशी मला देणंघेणं नाही. पण फाटक्या कफनीतल्या एका माणसाची जात हुडकायला माणसं निघतात, तिथं माझा संबंध येतो. हा खेळ माझ्या ओळखीचा आहे.

पक्कं काय माहीत आहे? एक तरुण फकीर नगर जिल्ह्यातल्या या खेड्यात आला. पडक्या मशिदीत राहिला, तिलाच द्वारकामाई म्हणाला. धुनी पेटती ठेवली, भीक मागून खाल्लं. तोंडात 'अल्ला मालिक'. खंडोबाचा पुजारी म्हाळसापती त्याच्याजवळ, आणि नांदेडहून आलेला अब्दुलही त्याच्याजवळ. दाभोलकरांनी एवढं मोठं ओवीबद्ध साईसच्चरित लिहिलं, त्यातही आईबापाचा पत्ता नाही.

भक्तांच्या आठवणींत एक प्रसंग येतो. चोरीच्या खटल्यात जबानी घ्यायला कोर्टाचा माणूस आला. नाव? साईबाबा. बापाचं नाव? तेही साईबाबा. धर्म? कबीर. जात? परवरदिगार. सरकारी कागदावरचा जातीचा रकाना या भिकाऱ्यानं असा उडवून लावला.

आणि नेमका तोच रकाना भरायला लोक धडपडतायत. म्हाळसापतीच्या नावावर एक आठवण सांगतात, की बाबा पाथरीचा ब्राह्मण, लहानपणी फकिराकडे दिलेला. १९७०च्या दशकात वि. बी. खेर परभणी जिल्ह्यातल्या या पाथरीला गेले, ब्राह्मण घरांत विचारपूस केली आणि एका देशस्थ घराण्यावर बोट ठेवलं. आता ब्राह्मण घरांतच शोधलं तर ब्राह्मणच सापडणार ना! महारवाड्यात, मोमीनपुऱ्यात शोधायचं कुणाला सुचलं? कबीरालाही यांनी सोडलं नव्हतं. विणकराचं पोर एवढं शहाणं कसं, म्हणून विधवा ब्राह्मणीच्या पोटची कथा रचली. म्हणजे अक्कल दिसली की ती आमचीच, हा हिशेब.

जानेवारी २०२०मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईजन्मस्थान म्हणून पाथरीला शंभर कोटी जाहीर केले आणि शिर्डी बंद झाली. त्यात धंद्याची भीती होती, हे शेंबडं पोरही सांगेल. पण एक गोष्ट खरीच आहे. जन्मगाव ठरलं की घर ठरतं, घर ठरलं की जात ठरते.

दुसरी टोळी उलट्या बाजूनं आली. २०१४ साली शंकराचार्य स्वरूपानंद म्हणाले, साई मुसलमान, त्याची पूजा करू नका. २०२४मध्ये काशीतल्या काही देवळांतून त्याच्या मूर्ती काढल्या. एकाला तो ठेवून घेण्यासाठी ब्राह्मण पाहिजे, दुसऱ्याला हाकलण्यासाठी मुसलमान पाहिजे. तराजू एकच. त्यात माणूस कसा जगला, याला वजनच नाही.

चोखोबाची जात मात्र कुणाला हुडकावी लागली नाही. ती पक्की माहीत होती. म्हणून त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. १९४७ साली साने गुरुजी उपाशी बसले तेव्हा कुठं ते देऊळ आमच्यासाठी उघडलं.

आजही शहरात भाड्याची खोली बघायला जा. मालक नाव विचारतो. मग आडनाव. मग गाव. मग हळूच, 'जेवणात काय असतं तुमच्या?' ही साईबाबाची चौकशी आणि माझी चौकशी एकाच कारखान्यातली. त्यानं उत्तर दिलं नाही, तरी त्याला देव केलं. मी उत्तर दिलं नाही, तर मला खोली मिळत नाही. एवढाच फरक.

उद्या आपल्यातलाच कुणी उठेल आणि म्हणेल, तो आपलाच होता. नको रे बाबांनो. आपल्याला आपला बाप माहीत आहे, त्याला उसन्या फकिराची गरज नाही. ज्यानं जात सांगितली नाही त्याच्यावर आपणही शिक्का मारायचा नाही. पण पुढचा संशोधक वही घेऊन आला, की त्याला समोर बसवा आणि विचारा, बाबाची जात कळल्यावर तू तिचं काय करणार आहेस? त्याचं उत्तर तेवढं नीट लिहून घ्या.