नातवंडांशीं इंग्रजी कशाला?

मुलगा-सून परदेशीं आणि नातवंडें सुटीपुरतीं पनवेलला, हा प्रकार आतां आमच्या गांवांत घरोघरीं झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं आमच्या तालुक्यांतच विमानतळाचें उद्घाटन झाल्यापासून तर परदेश वेशीशीं आल्यासारखा वाटतो. पण नातवंड उंबऱ्यांत पाऊल टाकतें आणि जन्मभर मराठींत बोललेले आजोबा एकाएकीं मोडक्या इंग्रजींत त्याची विचारपूस करूं लागतात. पुढें तेच आजोबा ओटीवर बसून, "परदेशांत पोरांची मराठी गेली हो!" म्हणून हळहळतात. आम्ही विचारतों, ती घालविली कोणीं?

"परदेशचें वातावरण" हें यावर ठरलेलें उत्तर. तें आम्हांस मान्य नाहीं. शाळेची भाषा मूल शाळेंत शिकणारच. त्यांत शाळेचा दोष काय? ज्या घरांत मराठीवांचून मुलाचें कांहींच अडत नाहीं, त्या घरांत मराठी असून नसल्यासारखी. बरें, तिची गांठ पडते तीही परीक्षेच्या वेळींच. पाहुणे आले कीं पोराला उभें करून श्लोक म्हणवून घ्यावयाचा, आणि तें "तो भाजी" म्हणालें कीं सगळ्यांनीं खो खो हंसावयाचें! अशा भाषेवर कोणतें मूल जीव लावील?

उपाय शोधण्यास दूर जावयास नको. पनवेलमध्येंच १८४९ सालचें 'बेथ एल' हें बेने इस्राएलांचें प्रार्थनामंदिर आहे. या समाजाची प्रार्थनेची भाषा हिब्रू, घरची मराठी. वल्हांडण सणाच्या रात्रीं, ही रात्र निराळी कां, असें लहान मुलानें विचारावयाचें आणि वडीलधाऱ्यांनीं मिसर देशांतील दास्यांतून झालेल्या सुटकेची कथा सांगावयाची, असा त्यांचा विधि. त्या विधीचा ग्रंथ 'हग्गादा' १८७४ सालीं पुण्यास मराठी भाषांतरासह छापला गेला. मुलाच्या प्रश्नास घरच्या भाषेंत वाट मिळाली. १८८० च्या सुमारास त्यांच्यांत मराठी कीर्तनें सुरू झालीं आणि मोशे, योसेफ यांचीं आख्यानें रंगूं लागलीं. परक्या भाषेंतला वारसा त्यांनीं केवळ घोकवून घेतला नाहीं. प्रश्न, गोष्ट आणि गाणें यांच्या वाटेनें तो मुलांच्या हातीं दिला. १९४८ नंतर यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएलास गेलीं, मुलांची शाळा हिब्रू झाली; तरी तेथें 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक निघालें आणि मराठी कीर्तनेंही होत राहिलीं. असें प्रेम दटावणीनें उपजत नाहीं.

कोणी म्हणेल, उत्तर अमेरिकेंत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, मग आमच्यावर हा भार कशाला? त्या शाळांविषयीं आम्हांस आदरच आहे. पण शाळा फार तर अक्षरें शिकवील. त्या अक्षरांनीं पत्र कोणास लिहावयाचें, हें घरानेंच पुरविलें पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आम्हांस धन्य वाटलें. परंतु दर्जा दिल्लीहून मिळाला तरी गोडी आजीच्या तोंडूनच लागावयाची.

म्हणून पनवेलकर आजी-आजोबांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे. येत्या सुटींत नातवंडांशीं मराठींतच बोला. न समजलें तर हातवाऱ्यांनीं, चित्रांनीं समजवा; लगेच इंग्रजीकडे धांवूं नका. कोथिंबीर आणावयास त्यांनाच भाजीवाल्याकडे धाडा. चूक झाली तर हंसूं नका. बरोबर वाक्य सहज स्वतः उच्चारा आणि पुढें चला. रात्रीं गोष्ट सांगा आणि ऐन रंगांत आली असतां थांबा. उरलेली गोष्ट तीं परत गेल्यावर फोनवरून सांगा, मात्र मराठींतच. ती ऐकण्यासाठीं मूल आपण होऊन मराठी शिकेल. न शिकलें, तर गोष्टच आम्हांस नीट सांगतां आली नाहीं असें समजावें. त्या पोराला बोल लावूं नये.