जमातीचा हिशेब पैशापर्यंत, शाळेचा मात्र कुणालाच ठाऊक नाही

कोकणातल्या मुस्लिम वस्तीच्या कुठल्याही गावात जा. तालुका चिपळूण असो, दापोली असो, मंडणगड असो की म्हसळा. जमातीचा हिशेब बहुतेक ठिकाणी चोख असतो. मशिदीच्या रंगाला किती लागले, आखातातल्या मुलांनी किती पाठवले, कब्रस्तानाच्या कुंपणाचे किती शिल्लक आहेत, हे सगळं लोकांसमोर वाचून दाखवलं जातं. पाचशे रुपयांचा मेळ लागला नाही तर दोन-चार जण तिथेच उभे राहून विचारतात. ही सवय चांगली आहे. ज्याला लोकशाही म्हणतात ती हीच.

आता त्याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेबद्दल विचारा. या वर्षी शाळेला किती अनुदान आलं? ते कशावर खर्च झालं? शिक्षकांची पदं किती मंजूर, किती भरलेली? शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण? हे प्रश्न जमातीतल्या दहा जणांना विचारून पाहा. अकरावा माणूस सांगेल, "ते मास्तरांना माहीत."

माझं म्हणणं सरळ आहे. खेड्यातल्या लहान शाळा पट कमी म्हणून मरत नाहीत. त्यांना मालक उरला नाही म्हणून त्या मरतात. सरकारने मालकी वर नेली, हे खरं. पण जी थोडी मालकी कायद्याने गावाच्या हातात ठेवली, ती आपण उचललीच नाही, हेही तितकंच खरं.

आधी वरची बाजू पाहू.

१९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. जिल्ह्याची शाळा जिल्ह्याने निवडून दिलेल्या माणसांनी चालवावी, हा हेतू. पुढे ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी जे २९ विषय घातले, त्यांतही प्राथमिक शिक्षण आहे. कागदावर सत्ता गावाकडे येत गेली.

प्रत्यक्षात काय उरलं? शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. शाळेला किती शिक्षक हे राज्याच्या संचमान्यतेत ठरतं, आणि तिथे आधार जुळलेलं मूलच मोजलं जातं. भरती पवित्र पोर्टलवरून होते. बदली ग्रामविकास विभागाच्या ऑनलाइन पद्धतीने होते. खोली बांधायची तर समग्र शिक्षा, नाही तर पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत बसलेल्या सदस्याने नेमकं ठरवायचं काय?

आणि तो सदस्यही राहिला नाही. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक आले. तीन वर्षांहून जास्त काळ ग्रामीण महाराष्ट्राच्या शाळांवर निवडून आलेलं कुणी नव्हतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. तीही मुदत पाळली गेली नाही. लहान शाळांचं काय करायचं याचे मोठे निर्णय नेमके याच काळात झाले. विरोध करायला सभागृहच नव्हतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हाचा सरकारी आकडा असा: शाळा १४,७८३, मुलं १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. मग १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला. वीस किंवा त्याहून कमी पट असेल तर एक नियमित शिक्षक, आणि दुसऱ्याची गरज वाटली तर सेवानिवृत्त माणूस. नंतर त्यात फेरफार झाले, पण लहान शाळेतला दुसरा नियमित शिक्षक हा जादा खर्च आहे, हा हिशेब एकदा मांडला गेलाच. शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची मात्र साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगते. तिथे "वीसच्या खाली एक" असं लिहिलेलं नाही.

समूह शाळेच्या बाजूने जे बोलतात त्यांचं सगळंच चूक नाही. बारा मुलं, चार इयत्ता आणि एक शिक्षक, त्यात तो शिक्षक महिन्यातले कित्येक दिवस बैठका, ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराच्या नोंदीत अडकलेला. अशा शाळेत मुलाला सोबती मिळत नाहीत, खेळायला संघ होत नाही. हे खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून शाळा पाच-सात किलोमीटर लांब नेली की पावसाळ्यात वहाळ कोण ओलांडणार? गाडी आली नाही तर पहिलीतल्या मुलीला कोण सोडणार? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, हा नियम राज्याने स्वतःच केला आहे. अंतर वाढलं की आधी मुलगी घरी बसते. आपल्या समाजात तर नक्कीच. मुलगा कसाही तालुक्याला जातो, मुलीला "पुढे बघू" म्हणतात, आणि ते पुढे कधी येत नाही.

आता पैशाकडे या. समग्र शिक्षा २०१८ मध्ये आली. तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये. महिन्याला आठशे तेहतीस. त्यात खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, वीज बिल, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. हे पैसेही बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपत आल्यावर येतात, आणि न खर्चलेले परत जातात. मग मास्तर मार्चमध्ये जे मिळेल ते घेऊन टाकतो. जमातीच्या एका रात्रीच्या जलशात मंडप आणि माइक यांवर याहून जास्त जातात. त्या जलशात वक्ता सांगतो की आपल्या दीनमध्ये उतरलेला पहिला हुकूम वाचण्याचा आहे. सगळे मान डोलावतात. मांडवापासून शंभर पावलांवरच्या शाळेचं छप्पर गळतं आहे, हे त्यातल्या कितीजणांना माहीत असतं?

आपण जमातीचा हिशेब विचारतो, कारण चंदा खिशातून दिलेला असतो. शाळेचा विचारत नाही, कारण ते "सरकारचे पैसे" वाटतात. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस बसवला होता आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हीच नस पकडली. महसूल कष्टकऱ्यांच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्यांसाठी. आज तो सेस दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे. साबण, बिस्किट, मोबाइलचं रिचार्ज, प्रत्येकावर कर देतो आपण. ते दहा हजार आपलेच आहेत. हिशेब मागायला वेगळा हक्क मिळवावा लागत नाही.

उर्दू शाळांचं दुखणं आणखी एक आहे. शिक्षक मिळत नाहीत. बिंदुनामावलीप्रमाणे राखीव असलेल्या काही जागांना उर्दूतून शिकलेला उमेदवार सापडत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. आरक्षणाचा हा दोष नाही. माध्यमाचा विचार न करता नियम चालवणाऱ्या यंत्रणेचा आहे. घटनेचं कलम ३५०(क) प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करायला सांगतं. तेव्हा या जागांचा प्रश्न विधानसभेत लावून धरणं हे आपल्या आमदारांचं काम होतं. ते निवडणुकीपुरते उर्दू भवनाची घोषणा करतात, शेर ऐकवतात आणि जातात.

पण सगळं वरच्यांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. ज्यांच्या घरी आखाताचा पैसा आला, त्यांची मुलं पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. गावच्या उर्दू शाळेत उरली ती मजुराची, विधवेची, मासे विकणाऱ्या बाईची मुलं. आणि उर्दूच्या अस्मितेवर जलशात सर्वांत मोठ्या आवाजात बोलतो तो पिवळ्या गाडीवाला. स्वतःचं मूल कुठे घालायचं हा त्याचा हक्क आहे. गावची शाळा ओस पडताना "सरकार आपली भाषा मारतंय" एवढंच ओरडण्याचा हक्क मात्र त्याने गमावला आहे.

आणखी एक गोष्ट बोलायची आपली तयारी नसते. अनेक गावांत एका पाखाडीला मराठी शाळा आणि दुसरीला उर्दू. दोन्हींचा पट वीसच्या आत, दोन्ही यादीत. दोन्हींचे पालक एकाच ग्रामपंचायतीत मत देतात, एकाच दुकानात उधारी ठेवतात, पण शाळेसाठी कधी एकत्र बसत नाहीत. या दोन शाळा एकाच आवारात आणता येतील का? माध्यमं दोन, शिक्षक तीन-चार, मैदान एक, गणित-विज्ञानाची साधनं एक. उर्दूतल्या मुलांना सवंगड्यांकडून मराठी येईल, मराठीतल्या मुलांच्या कानावर उर्दू पडेल. काही ठिकाणी हे जमेल, काही ठिकाणी नाही. पण हे ठरवायचं कुणी, मंत्रालयाने की ग्रामसभेने? एकत्र करायच्याच असतील तर गावातल्या गावात करा, सात किलोमीटरवर नको, असं दोन्ही पाखाड्यांनी मिळून सांगितलं तर ते मोडून काढणं अवघड आहे. एकट्या उर्दूवाल्यांनी सांगितलं तर तो "त्यांचा प्रश्न" होतो, आणि आपले प्रश्न कसे बाजूला पडतात ते आपल्याला माहीत आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतील आणि निम्म्या महिला. आलेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे तिचं काम. कलम २२ सांगतं की समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि शासनाच्या योजना व अनुदान यांचा आधार तोच आराखडा असेल. खासगी अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती फक्त सल्ला देते. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा मात्र सरकारी आहे, तिथल्या समितीला पूर्ण अधिकार आहेत. या अधिकारांचं आपण काय केलं? घरी पाठवलेल्या रजिस्टरवर सह्या केल्या. निम्म्या महिलांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी केल्या.

ग्रामपंचायतीकडेही पैसा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतीला दिला गेला, आणि आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. शाळेचं शौचालय आणि पिण्याचं पाणी त्यात बसतं. पण गावाच्या विकास आराखड्यात ते कुणीतरी लिहावं लागतं. ग्रामसभेला आपली माणसं गेली नाहीत तर तिथे गटार आणि पेव्हर ब्लॉकच लिहिले जाणार.

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. सरकारकडे ही, की निवडून आलेल्या जिल्हा परिषदेशिवाय आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही शाळा हलवू नका, आणि उर्दूच्या रिकाम्या जागांवर तोडगा काढा. जमातीकडे ही, की महिन्यातून एकदा मशिदीच्या हिशेबाबरोबर शाळेचाही हिशेब लोकांना कळू द्या. अनुदान किती आलं, शिक्षक किती, किती मुलं सलग गैरहजर. समितीवर ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत त्याच बायका घ्या. मासे विकणारी असली तरी चालेल. दर आण्याचा हिशेब ती रोज बाजारात करते, तिला दहा हजारांचा नक्की जमेल.