खोकला गोळ्यांनी का थांबत नाही?

डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या डक्टमध्ये डोकावून पाहा. एसीच्या युनिटमागे कबुतराचे काटक्यांचे घरटे, पाइपांवर विष्ठेचे पांढरट-हिरवे थर आणि हातभर अंतरावर कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्येही कबुतरे पोहोचली आहेत.

ही वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत जाते. त्यातली प्रथिने काही जणांच्या शरीराला सोसत नाहीत. ही शिंकांची, डोळे चुरचुरण्याची ॲलर्जी नव्हे. इथे प्रतिकारशक्ती फुप्फुसाच्या खोल भागावरच उलटते. कोरडा खोकला, बारीक ताप, जिना चढताना धाप. डॉक्टर याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सर्दीच्या गोळ्यांचा त्यावर उपयोग नाही आणि निदान लांबले तर फुप्फुसावर पडलेले वण भरून येत नाहीत.

2017 मध्ये देशभरातल्या 27 केंद्रांमधल्या 1084 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. फुप्फुस सुजून कडक होत जाणाऱ्या आजारांचे हे रुग्ण. त्यातल्या 47 टक्क्यांना हाच विकार होता. सगळा दोष कबुतरांचा नाही, एअर कूलरचा संबंधही अनेकांच्या बाबतीत आढळला. म्हणूनच घरात काय आहे, खिडकीबाहेर काय आहे, हे डॉक्टरांनी विचारायला हवे आणि रुग्णाने न विचारता सांगायला हवे. गावी गेल्यावर खोकला कमी होतो आणि परतल्यावर पुन्हा सुरू होतो, ही तर मोठीच खूण.

2025 मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे घालण्याची जागा, बंद झाला तेव्हा वाद श्रद्धेवर गेला. जीवदयेची भावना खरी आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. पण गच्चीवर रोज ओतलेल्या ज्वारीची किंमत खालच्या मजल्यावरच्या आजींनी फुप्फुसाने मोजावी, हे कुठल्याच धर्मात बसत नाही. जखमी पक्ष्याच्या उपचाराला पैसे देणे हीही जीवदयाच.

ठाणे महापालिकेने दाणे टाकू नका असे फलक लावले. फलकाने डक्ट स्वच्छ होत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी सोसायट्यांना डक्टला जाळी आणि नियमित सफाई बंधनकारक करावी. सफाईही कोरड्या झाडूने नको: आधी पाणी मारून थर भिजवायचा, मग खरवडायचा. आणि ते काम करणाऱ्याला चांगला मास्क सोसायटीनेच द्यायचा.