खेळांची खतावणी

मोंढ्यातील सोयाबीनची आवक ओसरली, की उमरीच्या पेढ्यांना थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत आम्ही एक काम न चुकता करतो, ते म्हणजे गोदामातील मालाची मोजदाद. पोत्यांचा आकडा वहीशी जुळल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, अशी आमच्या घरची रीत आहे. यंदा याच दिवसांत पुण्याला शिकणारा पुतण्या घरी आला होता. मोजदाद आटोपून मी घरात शिरलो, तेव्हा तो संगणकापुढे बसून एका लांबलचक यादीवरून नुसता वर-खाली फिरत होता. काय शोधतोस, असे विचारल्यावर म्हणाला, "काका, काय खेळावे तेच सुचत नाही." यादीच्या माथ्यावर आकडा होता ४१२.

चारशे बारा खेळ पदरी असलेल्या मुलाला खेळायला खेळ सापडू नये, हे ऐकून वहिनींनी कपाळाला हात लावला. मला मात्र हे दुखणे ओळखीचे वाटले. छतापर्यंत तागे रचलेले असावेत आणि गिऱ्हाइकापुढे उलगडायला एकही हाताशी येऊ नये, अशी दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. मी म्हणालो, "उद्या तुझ्या गोदामाची मोजदाद करू." तो हसला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी लांब पानांची कोरी वही घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

वाचकहो, ज्यांच्या घरी हा माल अद्याप आलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकावरचे खेळ आता तबकडीवर क्वचितच मिळतात. ते आंतरजालावरील दुकानांतून घेतले जातात. यांतील सर्वांत मोठी पेढी 'स्टीम' ही अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीची. ती २००३ साली सुरू झाली आणि २०१५ पासून आपल्याकडे रुपयांत भाव लावते. २०१८ मध्ये उघडलेले 'एपिक'चे दुकान दर आठवड्याला एखादा तरी खेळ फुकट देते. 'गॉग' हे पोलंडमधील मंडळींचे दुकान २००८ पासून चालू आहे. त्याचे वैशिष्ट्य पुढे सांगतो. पैसे लावून खेळण्याच्या ज्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, त्यांचा आणि या खेळांचा संबंध नाही.

वहीत रकाने आखले : खेळाचे नाव, कोणत्या दुकानातून, केव्हा, किती रुपयांना, किती तास खेळला. हे सारे तपशील दुकानांच्या नोंदीत असतात, फक्त कोणी पाहत नाही. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झाले. ४१२ पैकी पैसे देऊन घेतलेले ९७. उरलेले फुकटात आलेले, किंवा एका खेळासाठी घेतलेल्या जुडीत बांधून आलेले. तासभर तरी खेळलेले अवघे ५८. आणि तीन खेळ असे, की ते दोन वेगवेगळ्या दुकानांतून दोनदा विकत घेतले होते. या तिसऱ्या आकड्यावर पुतण्या ओशाळला. मी काही बोललो नाही, कारण आमच्या गोदामातही एकदा तसेच झाले होते आणि तेव्हा वही माझ्याच हातात होती.

स्टीमवर घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर परत करता येतो, ही माहिती त्याला होती. तिचा उपयोग त्याने एकदाही केलेला नव्हता. घेतल्या दिवशी उघडूनच न पाहिलेल्या मालाची खोट चौदाव्या दिवसापर्यंत कळणार तरी कशी?

संध्याकाळी मी आणखी एक रकाना आखायला सांगितला : 'किल्ली कोणाकडे'. म्हणजे ते खाते कोणत्या मेलवर आणि कोणत्या मोबाइल क्रमांकावर उघडले आहे. दोन दुकानांच्या बाबतीत उत्तर सरळ मिळाले. तिसऱ्यापाशी तो थांबला. ते खाते त्याने आठवीत असताना उघडले होते. स्वतःचा फोन नव्हता, म्हणून मेल आणि क्रमांक दोन्ही वडिलांचे दिले होते.

माझे थोरले बंधू जाऊन तीन वर्षे झाली. त्यांचे सिम आम्हीच बंद होऊ दिले, वापर नसताना रिचार्ज कशाला, या हिशेबाने. बंद पडलेला क्रमांक कंपनी किमान ९० दिवस राखून ठेवते आणि त्यानंतर तो दुसऱ्या कोणालाही देऊ शकते. म्हणजे उद्या संगणक बिघडला आणि दुकानाने ओळख पटवण्यासाठी संदेश धाडला, तर तो एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन पडणार. त्या खात्यात पिता-पुत्रांनी दोन उन्हाळे रात्री जागून खेळलेला क्रिकेटचा खेळ होता, त्यांच्या सामन्यांच्या धावसंख्या होत्या. बँकेच्या खात्यांचे क्रमांक आम्ही पंधरा दिवसांत बदलून घेतले होते. हे खाते कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही.

मेलची किल्ली अखेर वहिनींनी काढून दिली. बंधूंना खिशातल्या डायरीच्या शेवटच्या पानावर सगळे टिपून ठेवण्याची सवय होती. जीएसटीच्या नोंदीखाली त्यांच्या गोल अक्षरात लिहिले होते, 'बाळाच्या खेळाचे मेल'. पुढे परवलीचा शब्द. त्याखाली, 'दहावी पास, क्रिकेट, ४९९ रु.' पुतण्याने ते पान बराच वेळ धरून ठेवले. मेल उघडले, त्यातून खाते हाती आले, आणि त्याने आपला क्रमांक घातला. काम दहा मिनिटांचे होते, ते तीन वर्षे पडून राहिले होते. ज्यांच्या घरी असे खाते असेल, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी तो रकाना भरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या रात्री पुतण्याने मला स्टीमचा करारनामा वाचून दाखवला. त्यात स्वच्छ म्हटले आहे, की खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि जे मिळते तो खेळ नसून खेळण्याचा परवाना असतो. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. स्टीमच्या बिलाच्या पानावर तशी ओळ त्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आली. आपण वखारीत तूर ठेवतो तेव्हा पावती मिळते, तिच्यावर कर्ज निघते, ती वारसाकडे जाते. येथे पैसे पूर्ण देऊन हाती पडते ती अशी पावती, की जी कोणाच्या नावे होत नाही. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'द क्रू' हा मोटार शर्यतींचा खेळ २०१४ साली विकायला काढला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. ज्यांनी तो दाम मोजून घेतला होता, त्यांनाही तो पुढे उघडता येईना.

म्हणून वहीत मालाचे दोन भाग पाडले. गॉगचे खेळ कुलूपबंद नसतात. त्यांची मूळ फाइल उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येते, दुकान राहो वा जावो. असे २३ खेळ निघाले. ते एका वेगळ्या डिस्कवर घेतले आणि ती डिस्क पेढीच्या कपाटात ठेवली. बाकी सारे भाड्याच्या जागेतले. त्यांच्यासाठी जीव टाकू नये. संगणकावरून खेळ काढून टाकला म्हणजे तो गमावला, ही वहिनींची समजूत येथे दूर करावी लागली. परवाना खात्यात राहतो आणि खेळ पुन्हा उतरवता येतो. एकेक नवा खेळ शंभर जीबी जागा अडवून बसतो, तेव्हा जो खेळत नाही तो उतरवून ठेवणे हा निव्वळ जागेचा अपव्यय आहे.

मग मांडणी. तीन दुकानांची यादी एकत्र दिसावी यासाठी पुतण्याने 'प्लेनाइट' नावाचा मोफत कार्यक्रम घेतला. दोनदा घेतलेले खेळ त्यात शेजारी-शेजारी दिसू लागले. त्याने प्रथम शर्यत, कोडी, लढाई असे प्रकार पाडले. ते मला पटले नाही. किराणा दुकानात साखर आणि गूळ एकाच जातीचे म्हणून शेजारी ठेवत नाहीत, जे रोज लागते ते हाताशी ठेवतात. म्हणून चार फळ्या केल्या : 'चालू', 'पुढचा', 'झाला' आणि 'नको'. 'चालू'वर पाचाच्या वर खेळ ठेवायचे नाहीत. स्टीममध्ये २०१९ पासून अशा फळ्या करण्याची सोय आहे आणि नको असलेला खेळ न पुसता दृष्टीआड करता येतो. 'नको'त २६० गेले. बंदुकीचे सगळे खेळ तिकडे टाकावेत, असा वहिनींचा आग्रह होता. बुद्धिबळातही हत्ती-घोडे मारतातच की, असा पुतण्याचा युक्तिवाद. तो वाद अर्धा तास चालला आणि निम्म्या बंदुका गेल्या. याबाबत मी वहिनींच्या बाजूचा आहे, पण मत विचारले गेले नाही.

फळ्या लावताना एक खेळ हाती लागला, जो त्याने दोन वर्षांपूर्वी सवलतीत घेऊन उघडलाही नव्हता. 'राजी'. हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी घडवलेला, २०२० साली जगभर गेलेला खेळ. राजी नावाची मुलगी, हरवलेला भाऊ गोलू, दुर्गेने दिलेले शस्त्र, आणि मध्येच कळसूत्री सावल्यांतून सांगितलेल्या कथा. ज्या शहरात हा मुलगा शिकतो, तेथेच बनलेला खेळ त्याच्या गोदामाच्या तळाशी दोन वर्षे दाबून पडला होता. त्या रात्री तो 'चालू'वर आला. वहिनी स्वयंपाकघर आवरून सहज म्हणून पाहायला बसल्या, त्या साडेअकरापर्यंत हलल्या नाहीत.

पुतण्या पुण्याला परतला. वही त्याने इथेच ठेवली आहे, कपाटात त्या डिस्कच्या शेजारी. दर रविवारी त्याचा फोन येतो. वहिनी आधी जेवणाचे विचारतात, मग अभ्यासाचे, आणि फोन माझ्याकडे देण्यापूर्वी हळूच विचारतात, "गोलू सापडला का रे?"