शिळे पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा येथे इंदुरातही आपण हळहळलो. काही दिवस भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना जाऊ लागले. त्याच वर्षीच्या पावसात मांजरा धरण भरले आणि आपली हळहळही वाहून गेली. आता नळ आला, की आदल्या दिवशीचे हंडे ‘शिळे पाणी’ म्हणून पुन्हा मोरीत रिकामे होतात.

या चालीला संस्कृती म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. ज्या वाड्यांत ती रुजली, तेथे अंगणात आड असे. ओतलेले पाणी तुळशीला, केळीच्या आळ्याला जाई. मुरलेले पुन्हा आडाच्या वाट्यास येई. आपण आड बुजवले, अंगणाला फरशी घातली आणि ओतणे तेवढे निष्ठेने जपले! आज आपल्या नळाला येते ते मुख्यतः नर्मदेचे पाणी. १९७८ पासून जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून, विजेच्या बळावर आणलेले. ते एका रात्रीत शिळे कसे होते? पिण्याची घागर रोज घासून भरावी, याविषयी वाद नाही. परंतु धुण्याभांड्यांच्या पिंपालाही सोवळे?

उरलेला हंडा मोरीऐवजी कुंडीपर्यंत नेण्यास दहा पावले लागतात. तेवढ्याचा कंटाळा असेल तर तसे सांगावे. आजीचे नाव पुढे करू नये.