मागील बाकी पुढे



आमच्या हसनाबादच्या घरी मागच्या महिन्यात नवा कॉम्प्युटर आला. जुना २००८ चा, एक्सपीवाला. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद केले, तरी आमच्याकडे तो चालूच होता. चालतंय ना, मग कशाला बदलायचं, असा यांचा स्वभाव. (थोडा माझाही.) शेवटी त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायला लागला, तेव्हा जालन्याहून नवा आणला.

बसवायला आलेला मुलगा तासाभरात मोकळा झाला. "काकू, फोटो, टॅली, सगळं टाकून दिलं. जुना डबा घेऊन जातो, दीड हजार कमी करतो."

"आणि मेल?"

"मेल नेटवरच असतात काकू. पासवर्ड टाकला की येतात."

पुण्याहून आमच्या चिरंजीवांनीही फोनवर हेच ऐकवलं. तरी मी डबा जाऊ दिला नाही. बरं झालं नाही दिला.

त्याचं कारण साधं आहे. आज आपण मोबाइलवर जीमेल बघतो तेव्हा पत्रं पोस्टातच असतात, आपण तिथे डोकावून वाचतो. पूर्वी बहुतेक घरांत पीओपी नावाची पद्धत होती. त्यात पोस्टमन पत्र आपल्या हातात देऊन जातो आणि पोस्टात काही उरत नाही. आमच्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी एक खूण करायची सोय होती. ती आपण होऊन करावी लागते. आम्हाला ते माहीतच नव्हतं. म्हणजे २००८ ते २०१५ ची दुकानाची आणि घरची सगळी पत्रं जगात फक्त त्या एका डब्यात होती, तीही आतल्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. 'माय डॉक्युमेंट्स' उचलून नेणाऱ्याला ती दिसणारच नाहीत.

मी १९८३ ची बी.कॉम. पदवी चुलीजवळ गेली असं सगळे म्हणतात, पण दुकानाची खतावणी चाळीस वर्षं मीच लिहिली. नवी वही घातली की जुन्या वहीची बाकी पुढे ओढायची, बेरीज जुळवायची आणि मगच जुनी वही बांधून ठेवायची. जुळवण्याआधी जुनी वही रद्दीवाल्याला देणारा मुनीम कुणी ठेवेल का? मग कॉम्प्युटरच्या बाबतीतच आपण सगळं 'येतं आपोआप' म्हणून का सोडून देतो? माझं मत स्पष्ट आहे. ज्याची पत्रं, त्याने स्वतः बसून ती हलवावीत. मुलावर नाही, दुकानदारावर तर अजिबात नाही.

मी काय केलं ते सांगते. थंडरबर्ड नावाचा मेलचा फुकट प्रोग्राम आहे. त्याची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती ५२. ती जुन्या डब्यात घालून आउटलुक एक्सप्रेसची पत्रं त्यात ओढून घेतली. मग ती फोल्डरं पेन ड्राइव्हवरून नव्या कॉम्प्युटरच्या थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स'खाली ठेवली. लिहायला चार ओळी, करायला चार दिवस, त्यात दोन दिवस लाइट गेलेली. मग बेरीज. तिकडे ६,१२४, इकडे ५,८१२. फरक ३१२. मीच कधीतरी केलेला 'बियाणे' नावाचा एक आतला फोल्डर राहिला होता. वही जुळवायची सवय नसती तर ते कळलं तरी असतं का?

मुलगा म्हणाला, "मम्मी, अपरिग्रह, अपरिग्रह करतेस आणि बियाण्यांचे दर जपून ठेवतेस?" दर तर मी पुसलेच. जीएसटीतसुद्धा कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात, आणि हे तर जीएसटीच्या आधीचे. जाहिराती पुसल्या, देवाच्या नावाने धमक्या देणारी साखळीपत्रं पुसली. पण आधी सगळं आणलं, मग निवडलं. न बघता टाकणं म्हणजे त्याग नव्हे, तो आळस. पाटण-जैसलमेरच्या ज्ञानभांडारांत ताडपत्रावरचं कागदावर उतरवलं गेलं, म्हणून कुणी ताडपत्रं जाळली नाहीत.

राहिली माझ्या नणंदेची पत्रं. त्या २०१६ मध्ये गेल्या. लोणच्याच्या फोडी किती दिवस वाळवायच्या, वर्षीतपाच्या पारण्याला काय काय केलं, सासूबाईंच्या पायाला कुठलं तेल लावायचं, सगळं टाइप करून पाठवायच्या. नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये लिहिलेली होती ती. जुन्या डब्यातल्या 'फाँट्स' फोल्डरमधून तो फाँट आणून घातला, तेव्हा वन्सं पुन्हा बोलायला लागल्या. तुमच्याकडे अशी पत्रं असतील तर फाँटसुद्धा बरोबर न्या.

नाव-पत्त्यांच्या यादीत मात्र मी फसले. २१२ नावांची फाइल बनवली, आणि मराठीत लिहिलेली ४१ नावं प्रश्नचिन्हं होऊन आली. तोवर जुना डबा सुरू व्हायचाच बंद झाला होता. हातात उरले नुसते मेलचे पत्ते आणि फोन नंबर.

याच यादीला मी दर संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवत आले. सगळ्यांना एकदम, एका बटणावर. आता ओळीने वाचताना कळलं की त्यातले सहा जण या जगात नाहीत. त्यांनाही मी दरवर्षी क्षमा मागत होते, मेलवर! नावं न वाचता मागितलेली क्षमा कुणाची, कशाबद्दल?

म्हणून एकेका प्रश्नचिन्हाला फोन लावायला बसले. सतरावा की अठरावा नंबर असेल. बाईंचा आवाज आला, "कोण?" समोर कोण आहे हे मलाच माहीत नव्हतं, म्हणून आधी मीच नाव सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या शांततेवरून ओळखलं. माझ्या चुलतजाऊबाई. एका लग्नातल्या आहेराच्या साड्यांवरून अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो, आणि माझा बटणावरचा निरोप त्यांना दरवर्षी जात होता.

"काही काम होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. यादी नव्याने लिहितेय. तुमचं नाव पुसलं गेलं होतं."

"कुणी पुसलं?"

मी कॉम्प्युटरचं नाव सांगणार होते, पण सांगितलं नाही. मग गुडघ्यांवरून सुरू झालं ते वीस मिनिटं चाललं.

अजून तेवीस नंबर राहिलेत. जुना डबा जिन्याखाली आहे. त्यातली हार्ड डिस्क काढून ठेवीन आणि मगच तो देईन, कारण नुसतं पुसलं तरी माहिती डिस्कवर राहते. दीड हजाराचं तेव्हा बघू.